एकट्याने कार्यक्रम करताय? छोटा मिक्सर घेण्याआधी हे बघा

तालुका प्रतिनिधी : तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, मागोमाग जत्रा आणि सप्ते. पेटी नाहीतर कीबोर्ड घेऊन एकट्यानेच कार्यक्रम करणारे कलाकार आता आपल्याकडे गावोगाव आहेत. पूर्वी ही मंडळी साउंडवाल्याच्या भरवशावर असायची. आता पॉवर्ड स्पीकर आणि छोटा मिक्सर गाडीला बांधून स्वतःच निघतात.

माझ्या चुलतभावाने दोन वर्षांपूर्वी कांद्याच्या पैशातून १२ चॅनलचा मिक्सर आणला. वापरतो दोन चॅनल. धूड एवढं मोठं की मोटारसायकलवर जात नाही, छोटा हत्ती सांगावा लागतो, आणि सुपारीतले निम्मे पैसे भाड्यातच जातात. म्हणून हे लिहितोय.

दुकानात जाण्याआधी कागदावर मांडा. गळ्याचा माईक एक, पेटीचा माईक एक, मोबाईलवरचा ट्रॅक असेल तर तो. झालं. पण खोक्यावर ६ चॅनल लिहिलंय म्हणजे ६ माईक लागतील असं नाही. स्टिरिओ जोडी दोन चॅनल म्हणून मोजतात. यामाहाच्या एमजी०६ ला माईक दोनच लागतात, बाकीचं कीबोर्ड-मोबाईलसाठी. बेहरिंगरच्या झेनिक्स ५०२ ला तर माईक एकच. गळा आणि कीबोर्ड एवढंच असेल तर तो पुरतो. पेटीला वेगळा माईक लावणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. कधीमधी तबलजी सोबत येत असेल तर चार माईकचा बघावा, जसा एमजी१०एक्सयू. त्याच्या पुढे एकट्या माणसाला गरज नाही.

‘फँटम ४८ व्होल्ट’ हे बटन कंडेन्सर माईकसाठी असतं. आपला नेहमीचा हातातला डायनॅमिक माईक त्याशिवाय चालतो. पेटीला कंडेन्सर लावणार असाल तरच ते बटन हवं.

आता गेन. इथंच बहुतेक जण चुकतात. गेन म्हणजे विहिरीवरचा मेन व्हॉल्व्ह, आणि खालचं आवाजाचं बटन म्हणजे सरीवरचा कॉक. व्हॉल्व्ह नीट सोडला नाही तर कॉक कितीही फिरवा, उपयोग नाही. वरच्या पट्टीतली सगळ्यात जोराची ओळ म्हणून बघायची. लाल दिवा लागला की गेन थोडा मागे घ्यायचा. दिवा लागत राहिला तर आवाज फाटणारच, मग स्पीकर कितीही भारी असो. त्यामुळे प्रत्येक माईकला वेगळा गेन आणि वेगळा दिवा आहे का, हे आधी बघा.

लो कट नावाचं बटन असेल तर सोडू नका. उघड्या मैदानातला वारा आणि स्टेजच्या फळ्यांवरची धपधप त्याने बरीच कमी होते. एकोचं मात्र आपल्याकडे वेडच आहे. गाण्याला थोडा बरा वाटतो, पण भारुडात, कीर्तनात शब्दच कळेनासे होतात. एको असलेला मिक्सर घ्या, पण बोलताना तो चटकन बंद करता यायला हवा.

ट्रॅक ब्लूटूथवरून लावणाऱ्यांनी फोन एअरप्लेन मोडवर टाकून मग ब्लूटूथ चालू करावं. एका हळदीत ऐन गाण्यात फोन आला आणि रिंगटोन सगळ्या मांडवाने ऐकली, ती मी कानाने ऐकलीय. वायर जास्त भरवशाची. एका टोकाला मोबाईलची बारीक पिन, दुसऱ्या टोकाला दोन मोठ्या मोनो पिना, अशी वायर घ्या आणि स्टिरिओ चॅनलच्या डाव्या-उजव्या भोकात लावा. एकच मोठी स्टिरिओ पिन माईकच्या चॅनलमध्ये घातली तर ट्रॅकमधले मधले आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. बास गायब होतो, आणि माणूस मिक्सरला शिव्या देतो.

मिक्सरची वायर पॉवर्ड स्पीकरला जाते तिथं माईक-लाइनचा खटका असेल तर तो लाइनवर ठेवा. चालू करताना आधी मिक्सर, शेवटी स्पीकर. बंद करताना उलटं, नाहीतर जो धाड आवाज येतो त्याने स्पीकर जाऊ शकतो. घुं-घुं येत असेल तर दोन्ही एकाच बोर्डावरून जोडून बघा. लॅपटॉप लावला असेल तर त्याचा चार्जर काढून बघा, बऱ्याच वेळा खोड तिथंच असते.

लाइटचं आपल्याकडे काही खरं नाही. ५ व्होल्टच्या यूएसबीवर चालणारे मिक्सर मिळतात, ते पॉवर बँकेवरही चालतात. पण स्पीकरही बॅटरीचा असेल तरच त्याचा उपयोग. बाकीच्यांना कंपनीचाच अडॅप्टर लावा. काही मिक्सरला डीसी नव्हे, एसी अडॅप्टर लागतो. तिथं सेटटॉप बॉक्सचा घालून चालत नाही.

जुना घेत असाल तर प्रत्येक बटन फिरवून खरखर ऐका, प्रत्येक भोकात पिन घालून हलवा. नवा घेतानाही आपला माईक, आपली वायर सोबत न्या आणि दुकानातच गाऊन बघा. लाजायचं कारण नाही, पैसे आपले आहेत. भाऊ असाच न बघता घेऊन आला होता. त्याचा १२ चॅनलचा अजून गिऱ्हाईक शोधतोय.