घरातलं वेड, बाहेरची बाधा

मराठीत ताप माणसाला येतो, वेड मात्र ‘घरात असतं’. ‘त्यांच्या घरात वेड आहे’ एवढं कानावर आलं की स्थळ मोडतं. रुग्णाच्या नातेवाइकांच्या माथीही कलंक येतो, हे अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली मांडलं. आपल्याकडे सोयरिकीत आधी घराणं पाहतात, त्यामुळे हा कलंक पहिल्या दिवसापासूनच सगळ्या घराचा असतो.

म्हणूनच देवऋषीकडे जाणाऱ्या कुटुंबाला नुसतं अडाणी म्हणणं मला पटत नाही. करणी, भानामती, बाहेरची बाधा या समजुतींत आजाराचं कारण उंबऱ्यापलीकडे असतं. कोणीतरी केलं म्हणून झालं. घराण्याचं रक्त निर्दोष राहतं. याउलट ‘घरात आधी कोणाला होतं का?’ असं डॉक्टरांनी विचारलं की आई गप्प होते, कारण शेजारी लग्नाची धाकटी लेक बसलेली असते. प्रश्न उपचारासाठी असतो. आईला त्यात सोयरिकीची चौकशी ऐकू येते. आईवडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असला, तरी मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहा टक्के असते. हे तिला त्याच बैठकीत सांगायला हवं. ‘मेंदूचा आजार आहे’ एवढंच सांगितल्याने दोष देणं कमी होतं, पण लोकांनी धरलेलं अंतर कमी होतंच असं नाही.

बाधेची समजूत घराची अब्रू राखते, पण त्याची किंमत रुग्ण मोजतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याजवळच्या एका निवासात आग लागली. साखळ्यांनी जखडलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. दर्ग्यात गुण येईल या श्रद्धेने घरच्यांनीच माणसं तिथे आणून ठेवलेली असत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यावर बंदी घातली.

घरात साखळी नसते, लपवाछपवी असते. ‘लग्न केलं की ताळ्यावर येईल’ म्हणून मुलाला बोहल्यावर चढवतात. पाकिटातून सोडवलेल्या गोळ्या व्हिटॅमिनच्या बाटलीत जातात. नव्या सुनेला कळू नये म्हणून पुढे त्याही बंद होतात. काही आठवड्यांत झोप उडते, संशय बळावतो, आजार उलटतो. मग कारणाचा शोध पुन्हा रक्ताला वगळूनच सुरू होतो आणि घरात अजून परकी असलेल्या एकाच व्यक्तीपाशी येऊन थांबतो: ‘हिचा पायगुणच वाईट.’