बिसेत्रच्या तुरुंगातून आलेली पत्रे (थ्रेड)

फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या काळात फ्रान्समधील गावोगावच्या सधन गृहस्थांना अचानक एक अनोळखी पत्र येई. लिहिणारा स्वतःला परागंदा सरदाराचा सेवक म्हणवी. पळून जाताना सोन्या-हिऱ्यांची पेटी तुमच्याच गावाजवळ लपवावी लागली. ती न्यायला परतलो आणि पकडलो गेलो. जागेचा नकाशा ज्या सामानात आहे, ते सोडवण्यापुरते पैसे पाठवा. पेटीत तुमचा वाटा राहीलच.

ही 'जेरुसलेमची पत्रे'. पॅरिसजवळच्या बिसेत्र तुरुंगातील कैदी ती लिहीत. त्यांचे वर्णन युजेन फ्रान्स्वा व्हिदोकने करून ठेवले आहे. तो स्वतः बिसेत्रमध्ये कैद भोगून पुढे पॅरिसच्या गुन्हेशोधक पथकाचा प्रमुख झाला. त्याच्या मते शंभर पत्रांपैकी वीसांना उत्तर येई. (व्हिदोकला रंगवून सांगण्याची सवय होती, हे ध्यानात ठेवलेले बरे.) उरलेल्या ऐंशी जणांची कैद्याला गरजच नव्हती, सावज स्वतःच पुढे येत असे.

पॅरिसमधला एक कापडविक्रेता तर एका सरदारपत्नीच्या हिऱ्यांसाठी 'पाँ नफ' पुलाची कमान पोखरताना सापडला, असे व्हिदोक सांगतो.

या फसवणुकीची खरी कळ गुप्ततेत होती. परागंदांची मालमत्ता क्रांतिकारी शासनाने जप्त केली होती. म्हणजे ती पेटी परस्पर घेणे हाच मुळात गुन्हा. फसलेल्याने तक्रार करायची, तर आधी स्वतःची लबाडी कबूल करावी लागे.

पुढे हीच कथा 'स्पॅनिश कैदी' या नावाने अमेरिकेपर्यंत पोहोचली. आपल्याकडे ती 'कौन बनेगा करोडपती'च्या नावे लागलेल्या २५ लाखांच्या लॉटरीच्या रूपात फोनवर आली: बक्षीस तयार आहे, फक्त आधी कर भरा.

'डिजिटल अटके'त मात्र भूमिकांची अदलाबदल झाली. पूर्वी पत्र लिहिणारा कैदी असे. आता फोन उचलणाऱ्यालाच कैदी ठरवले जाते. लोभाची जागा भयाने घेतली, तरी अट जुनीच: घरात कुणाला सांगू नका, फोन ठेवू नका. वस्तुतः भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. फोन ठेवून घरातल्या माणसाला सांगितले की त्या अटीतला जोर संपतो. पैसे गेलेच असतील, तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्यापूर्वी ती गोठवता येण्याची शक्यता असते.