दापोडीवरची तार आणि रिलेने वाट पाहण्याची किंमत

पुण्याहून निघालेली गाडी खडकी सोडून मुळा ओलांडते आणि दापोडी येते. या मार्गावर १८५८ पासून गाड्या धावत आहेत. आजचा धागा मात्र गाड्यांचा नाही, त्यांच्या डोक्यावरच्या तारेचा आहे.

१९२९-३० मध्ये जीआयपी रेल्वेने कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण केले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली दख्खनची राणी याच तारेच्या बळावर दापोडीवरून धावली. तारेत प्रवाह होता १५०० व्होल्टचा, आणि तोही एकदिश, म्हणजे डीसी. इथे इतिहासप्रेमींनी थोडे विज्ञान सोसावे, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

वाहती वीज तोडताना दोन संपर्कांमधील हवाच तापून वाहक बनते. तीच आर्क. आपल्या घरातील एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो. त्या क्षणी आर्क विझवण्याची संधी मिळते. डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. त्याची आर्क बळजबरीनेच मारावी लागते. म्हणून डीसी रेल्वेच्या उपकेंद्रांतील ब्रेकर चुंबकीय क्षेत्राने आर्कला वर ढकलतात, पट्ट्यांच्या पिंजऱ्यात शिरवतात, ताणतात, चिरतात आणि थंड करतात. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत उरकावे लागते.

पण ब्रेकरला ‘तोड’ असा हुकूम कोण देणार? ते काम रिलेचे. रेल्वेत हे काम विशेष अवघड असते. घाट चढू लागलेली जड मालगाडी जेवढा प्रवाह ओढते, त्याहून कमी प्रवाह कधी कधी दूर कुठेतरी तुटून रुळावर पडलेल्या तारेतून वाहतो. नुसता आकडा पाहणारा रिले निरपराध गाडीला थांबवील आणि गुन्हेगाराला सोडून देईल. म्हणून प्रवाह किती आहे यापेक्षा तो किती वेगाने चढतो आहे, हे पाहणारे रिले पुढे घडवावे लागले.

या कथेत चार्ल्स मर्झ हे नाव लक्षात ठेवण्याजोगे आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या परिसरात वीजजाळे उभारणाऱ्या या अभियंत्याने १९०४ मध्ये बर्नार्ड प्राइस याच्यासह एक संरक्षणपद्धत शोधली. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई इलाख्याचे मुख्य अभियंता डब्ल्यू. एच. व्हाइट यांनी मुंबईच्या दोन रेल्वे विजेवर चालवण्याची सूचना मांडली. पुढे सरकारने त्याबाबत सल्ला मागितला तो मर्झकडेच. आणि जीआयपीच्या विद्युतीकरणात सल्लागार म्हणून काम केले ते त्याच्याच ‘मर्झ अँड मॅक्लेलन’ या पेढीने.

मर्झ-प्राइस पद्धत पाटाच्या पाण्यासारखी आहे. मुखाशी सोडलेले पाणी आणि टेलला पोहोचलेले पाणी सारखे भरले, तर पाट शाबूत. कमी भरले, तर मध्येच कुठेतरी फुटला आहे. तसेच केबलच्या दोन्ही टोकांचा प्रवाह सतत ताडून पाहायचा. फरक पडताच तोडायचे, क्षणभरही न थांबता. माझ्या मते विद्युत संरक्षणाच्या इतिहासातील ही सर्वांत देखणी कल्पना आहे.

तरीही जगभर अधिक रुळली ती दुसरी, स्वस्त रीत: वाट पाहण्याची. फॉल्टच्या सर्वांत जवळचा रिले आधी सुटावा, म्हणून त्याच्या मागच्याने साधारण ०.३ ते ०.४ सेकंद थांबावे, त्याच्याही मागच्याने आणखी तेवढेच. यामुळे एका यंत्राच्या बिघाडाने सारा कारखाना अंधारात जात नाही. पण हिशोब उलटा पाहा. विजेच्या उगमाजवळचे मुख्य पॅनेल, जिथे फॉल्टचा प्रवाह सहसा सर्वांत मोठा, तिथलाच रिले सर्वांत उशिरा जागा होतो.

दशकानुदशके या विलंबाची किंमत जळालेल्या तांब्यात मोजली गेली. विजेचा धोका म्हणजे धक्का, अशीच समजूत होती. १९८२ मध्ये राल्फ ली या अमेरिकी अभियंत्याने एका शोधनिबंधात दाखवले की, न शिवताही वीज माणसाला भाजते. आर्कचे तापमान सूर्याच्या पृष्ठभागाहून कितीतरी अधिक असते. तांब्याची वाफ होताना ते सुमारे ६७,००० पट फुगते आणि पॅनेलचे दार उडवते. त्वचेच्या एका चौरस सेंटिमीटरवर १.२ कॅलरी उष्णता पडली की दुसऱ्या श्रेणीच्या भाजण्याची सीमा गाठली जाते. आणि ही उष्णता आर्क टिकण्याच्या वेळेच्या प्रमाणात वाढते. म्हणजे रिलेची वाट पाहण्याची वेळ दुप्पट, तर दारासमोर उभ्या वायरमनच्या चेहऱ्यावरची उष्णताही दुप्पट. हे गणित करण्याची आयईईई १५८४ ही मार्गदर्शिका यायला मात्र २००२ साल उजाडले.

दापोडीच्या पलीकडे तोवर बरेच काही घडून गेले होते. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात एमआयडीसीच्या वसाहती वसल्या आणि २२ केव्हीचे फीडर भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत शिरले. अशा ठिकाणी उत्पादन थांबू नये म्हणून रिलेची वेळ जरा वाढवून घेण्याचा मोह नेहमीचाच. तो वाढवलेला पाव सेकंद उत्पादनाच्या नोंदीत दिसत नाही. आर्क झाली तर तो दारासमोरच्या माणसाच्या अंगावर दिसतो.

त्यावर आज उपाय आहेत. आर्कचा उजेड पाहूनच सुटणारे प्रकाश-संवेदक रिले आहेत. दुरुस्तीपुरता विलंब काढून टाकणारा स्विच आहे. मुख्य बसबारला मर्झ-प्राइसच्याच तत्त्वावरचे संरक्षण देता येते, फक्त ते खर्चिक म्हणून मागे पडते.

दापोडीवरची १५०० व्होल्टची डीसी तार या शतकात इतिहासजमा झाली. तिच्या जागी आता २५,००० व्होल्टचा एसी प्रवाह वाहतो. ज्या कारखान्यांत हा हिशोब मांडला गेला आहे, तिथे पॅनेलच्या दारावर एक लेबल दिसते. त्यावर व्होल्टेजच्या जोडीला कॅलरीचा आकडा असतो आणि दार उघडताना किती दूर उभे राहायचे तेही.