बाप नव्हे, चुलता

घोड्याच्या वंशावळीचा तक्ता आमच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर आहे. कोल्ह्याएवढ्या प्राण्यापासून आजच्या घोड्यापर्यंत सरळ चढती रांग. तो शिकवताना व्लादिमिर कोवालेव्हस्कीचं नाव घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही.

हा रशियन माणूस युरोपातल्या संग्रहालयांमधून हाडं तपासत फिरला आणि 1873 मध्ये त्याने अँकिथेरियम या घोड्याच्या जीवाश्म नातलगावर ग्रंथ लिहिला. आधी पॅलिओथेरियम, मग अँकिथेरियम, मग हिप्पेरियन, शेवटी घोडा, अशी त्याची मांडणी. बाजूची बोटं आखडली, दात उंच झाले. कारण मऊ पाला सोडून हे प्राणी मोकळ्या रानातल्या गवताकडे वळले. त्या पायाने प्राणी चालायचा कसा, त्या दाताने खायचा काय, हे त्याने हाडांना विचारलं. तो प्रश्न मला आजही थोर वाटतो. 1883 मध्ये त्याने आत्महत्या केली, वयाच्या चाळिशीत.

त्याची वंशावळ मात्र तोवर ढासळली होती. 1876 मध्ये इंग्रज जीवशास्त्रज्ञ हक्सली येल विद्यापीठात जीवाश्मतज्ज्ञ मार्शकडे गेला. हक्सलीही युरोपातल्याच रांगेवर विसंबून होता. मार्शने अमेरिकेतल्या हाडांच्या पेट्या उघडल्या आणि हक्सलीने न्यूयॉर्कचं आपलं व्याख्यान बदललं. घोड्याचं घराणं अमेरिकेत वाढलेलं होतं. अँकिथेरियम आणि हिप्पेरियन तिथून वेगवेगळ्या काळी जुन्या जगात आले आणि इथे निर्वंश झाले. पॅलिओथेरियम तर घोड्याच्या कुळातलंच नाही.

अशी फसगत आपल्या शिवालिकातही सहज होईल. खालच्या थरांत तीन बोटांचा हिप्पेरियन, वर पिंजोरच्या थरांत फाल्कनर आणि कॉटली यांनी नाव दिलेला इक्वस सिवालेन्सिस. खालचा बाप, वरचा मुलगा, असंच कुणालाही वाटावं. मग मी मुलांच्या हातात वरच्या दाढांचे दोन साचे देतो. चावण्याच्या पृष्ठावर एनॅमलच्या नागमोडी घड्या दिसतात. जिभेकडच्या बाजूला एक लांबट उंचवटा असतो, प्रोटोकोन. घोड्याच्या दाढेत तो अरुंद पट्टीने बाकीच्या घड्यांना जोडलेला असतो. हिप्पेरियनमध्ये तो बेटासारखा सुटा, चहूबाजूंनी सिमेंटने वेढलेला. बोटांवर नजर ठेवली तर हिप्पेरियन पूर्वज वाटतो. दाढ पाहिली की तो चुलता ठरतो. इक्वस अमेरिकेतूनच, फार नंतर, सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी इकडे आला.

हे चुलतेही सगळे एका घरातले नव्हेत. लिडेकरने 1877 मध्ये शिवालिकातल्या एका प्राण्याला सिवालहिप्पस म्हटलं होतं. पुढे बराच काळ तो हिप्पेरियनमध्येच मोजला गेला. अलीकडच्या अभ्यासकांनी त्याला पुन्हा स्वतंत्र मांडलंय, आणि आफ्रिकेतले काही हिप्पेरियनही आता त्याच्याच गोतावळ्यात धरले जातात.