चार ब्रेकची फोर्ड, सहा ब्रेकची फोर्ड

२ डिसेंबर १९२७ला फोर्ड कंपनीने मॉडेल ए लोकांसमोर आणली. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती झळकत होत्या आणि गुणवर्णनात चारही चाकांना ब्रेक हा ठळक मुद्दा होता. आधीच्या मॉडेल टीचा पायब्रेक चाकांवर नव्हे, गिअरबॉक्समध्ये लागायचा. त्यामुळे हे सांगण्यासारखंच होतं. पुढे मात्र त्याच मॉडेल एच्या जाहिरातींत 'सहा ब्रेक' दिसू लागतात. चाकं चारच. मग दोन ब्रेक वाढले कुठून?

जाहिरातीवर भिस्त ठेवू नये, म्हणून सुट्या भागांची सूची आणि फोर्डने आपल्या डीलरांसाठी छापलेली मासिक सर्व्हिस बुलेटिनं बघावी लागतात. दोन्ही आज पुनर्मुद्रित रूपात मिळतात. त्यांतून उभं राहणारं चित्र असं: पहिल्या गाड्यांत हँडब्रेक आणि पायब्रेक दोघेही त्याच ब्रेक शूंवर काम करत. काही राज्यांच्या कायद्याला दोन स्वतंत्र यंत्रणा हव्या होत्या, आणि ही जोडणी त्यात बसत नव्हती. म्हणून १९२८ सालीच फोर्डने मागच्या चाकांची रचना बदलली आणि हँडब्रेकला स्वतःचे वेगळे शू दिले. चार अधिक दोन, सहा. जाहिरातदाराने इथे हिशेब चोख मांडला होता.

बदलाच्या खुणा सूचीत राहिल्या. सुरुवातीच्या काही भागांच्या क्रमांकाला 'एआर' ही अक्षरं जोडलेली आहेत, आणि त्यावरून जुन्या गाड्यांचे शौकीन त्या पहिल्या गाड्यांना आजही 'एआर' म्हणतात. अमेरिकन एआर गाडीत हँडब्रेकचा दांडा चालकाच्या डाव्या हाताला, दाराकडच्या बाजूला असे. नंतर तो मधोमध आला.

आपली गाडी या बदलाच्या आधीची की नंतरची, हे इंजिनाच्या क्रमांकावरून काढतात. तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला ठोकलेला असतो, आणि कुठला क्रमांक कधी ठोकला याच्या नोंदी उपलब्ध आहेत. पण नव्वदपंचाण्णव वर्षांत इंजिनं बदलली जातात. तोच क्रमांक चॅसिसवरही ठोकलेला असे, तोही बॉडीखाली झाकला जाईल अशा जागी. बॉडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे त्याच्याशी लबाडीही कमी झाली. दोन क्रमांक जुळले नाहीत तर मी चॅसिसचा मानीन. आपल्याकडे आणखी एक सावधगिरी हवी. फोर्डची भारतातली कंपनी १९२६मध्ये निघाली ती कॅनडातल्या फोर्डच्या अखत्यारीत, आणि कॅनडात बनलेल्या इंजिनांची क्रमांकमालिका वेगळी. अमेरिकन तक्ता इथल्या गाडीला सरसकट लावू नये.

एवढा खटाटोप कशाला, असं गॅरेजवाला विचारतो, आणि त्याचं म्हणणं अगदीच गैर नाही. त्याला गाडी थांबायला हवी असते. त्याचा नेहमीचा सल्ला म्हणजे ब्रेक ओढणाऱ्या रॉडची भानगड काढून १९३९नंतरच्या फोर्डचे हायड्रॉलिक ब्रेक बसवा. फोर्डने १९३९च्या मॉडेलांपर्यंत हायड्रॉलिक ब्रेक दिलेच नाहीत. प्लिमथने ते १९२८मध्येच दिले होते, तरी फोर्ड १९३०च्या दशकात पेडलपासून चाकापर्यंत पोलादाची सुरक्षितता असल्याची जाहिरात करत राहिली. त्या हट्टाची बाजू घेण्याचं कारण नाही. पण त्या हायड्रॉलिक संचात मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा पायब्रेक गेला. हँडब्रेकही पुन्हा त्याच मागच्या शूंना ओढतो. म्हणजे १९२८मध्ये कायद्यापायी मिळालेले वेगळे शू सुरक्षिततेच्याच नावाखाली परत जातात. हे मला पटत नाही.

शिवाय मूळ ब्रेक वाईट म्हणून बदनाम झाले ते बरेचदा झिजल्यामुळे. पेडलचा जोर चाकापर्यंत रॉड, पिना आणि आडव्या शाफ्टमधून जातो. प्रत्येक पिनेच्या भोकात थोडा खेळ आला की अर्धा पेडल तो खेळ संपवण्यातच जातो. पिना नव्या, भोकं मूळ मापाची, शाफ्टचे बुश घट्ट, रॉडची लांबी बरोबर, एवढं झालं की मग सेटिंग. चाक जॅकवर उचलायचं, ब्रेकप्लेटवरच्या चौकोनी डोक्याला पाना लावायचा आणि फिरवत जायचं. दर पाव फेऱ्याला आत टक्क असा आवाज होतो. चाक हाताने फिरवताना शू घासू लागला की एक टक्क मागे. चारही चाकांना सारखं. जुनी लायनिंग मात्र अस्सल म्हणून ठेवू नका. ती अॅस्बेस्टॉसची असायची आणि तिची धूळ फुप्फुसाला घातक.

एकच मूळ दोष झिजेवर ढकलता येत नाही: ड्रम. ते दाबून घडवलेल्या पत्र्याचे होते. लांब उतारावर तापले की फुगतात, शूपासून दूर जातात आणि पेडल खाली जातो. बिडाचे ड्रम आज मिळतात, मूळ जागीच बसतात, आणि काळा रंग दिला की लांबून वेगळे वाटत नाहीत. पुरातन वाहनांच्या जागतिक महासंघाची २०१२ची तुरीन सनदही हेच सांगते की नंतरचा बदल मूळ रूपाला धक्का न लावणारा आणि शक्यतो परत काढता येण्याजोगा असावा, आणि काढलेले भाग गाडीसोबत जपावेत. बिडाचा ड्रम या कसोटीला उतरतो. हायड्रॉलिक संच बहुधा उतरत नाही, कारण तो बसवताना काढलेले रॉड भंगारात जातात.

रस्त्यावर चालणाऱ्या मॉडेल एला बिडाचे ड्रम जरूर घाला, बाकी रचना १९२८ची ठेवा. खरी एआर सापडली तर तिचा हँडब्रेक बदलू नका. ती गाडी घाटात नेऊ नका. आणि काढलेले पत्र्याचे ड्रम विकू नका. त्यांना तेल चोळा, तारीख लिहिलेली चिठ्ठी बांधा आणि गाडीच्या कागदांबरोबर पुढच्या मालकाला द्या.