जुन्या गाडीची पॉवर विंडो अडकली? दार खोलण्याआधी हे वाचा

चिखलदरा : पावसाळ्यात इथं झड आणि धुकं हटत नाही. दारात पाणी मुरलं की जुन्या एस्टीम, सफारीसारख्या गाड्यांची काच मधेच अडकते. घरी दुरुस्ती करायची तर हा क्रम पाळा.

१) आधी फ्यूज पाहा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तार गुंडाळली तर वायरिंग पेटू शकते.

२) बटण दाबून कान द्या. मोटर फिरते पण काच हलत नाही, तर रेग्युलेटरची केबल तुटली किंवा दाते झिजले. आवाजच नाही, तर बटण, वायर, मोटर तपासा. दार आणि खांबामधल्या रबरी नळीत वायर बऱ्याचदा तुटते.

३) पॅनल काढण्याआधी किल्ली काढा, बॅटरीचा मायनस सोडवा. काच वर घेऊन जाड चिकटपट्टीने चौकटीला पक्की करा.

४) काही गाड्यांत रेग्युलेटर कात्रीसारखं असतं, त्याला ताणलेली स्प्रिंग असते. मोटर सोडताच त्याचा दांडा झटक्यात फिरतो, बोटं चिरडतात. ते काम मेकॅनिककडेच द्या.

५) काचेच्या खाचेत ग्रीस नको, धूळ चिकटते. सिलिकॉन स्प्रे मारा. दाराच्या तळाची भोकं मोकळी करा, आतला प्लास्टिक कागद परत लावा.

जुन्या गाड्यांत हात अडकला तरी काच आपोआप थांबत नाही. लेकरं गाडीत असतील तर किल्ली लावून ठेवू नका.