‘जैत रे जैत’ : नव्या लाटेतला गाणारा चित्रपट

१९७० च्या दशकात एक समज रूढ होता : समांतर चित्रपट म्हटला की त्यात गाणी नसावीत. गाणे म्हणजे व्यवसायाला शरण जाणे. हा समज मोडला सोलापुरात वाढलेल्या एका बालरोगतज्ज्ञाने, आपल्या दुसऱ्याच चित्रपटात.

जब्बार पटेल यांचा जन्म १९४२ चा, पंढरपूरचा. शिक्षण सोलापूरच्या हरिभाई देवकरण प्रशालेत. तेथे प्रा. श्रीराम पुजारी यांच्या घरी त्यांचे वास्तव्य झाले. गिरण्यांच्या भोंग्यावर चालणाऱ्या त्या शहरात पुजारींचे घर म्हणजे गायक-साहित्यिकांचा हक्काचा मुक्काम. पुढे पटेलांनी कुमार गंधर्वांवर ‘हंस अकेला’ हा माहितीपट केला, त्याचे बीज याच घरात शोधावे लागते.

पुण्यात वैद्यकीय शिक्षण, दौंडला दवाखाना आणि सोबत नाटक. ‘घाशीराम कोतवाल’ने (१९७२) एक गोष्ट सिद्ध केली : माणसांची एक गाती, डोलती भिंत अख्खे कथानक वाहून नेऊ शकते. पहिला चित्रपट ‘सामना’ मात्र संवादांचा. तेंडुलकरांची लेखणी, निळू फुले आणि श्रीराम लागू यांची जुगलबंदी. १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. अशा यशानंतर तोच साचा पुन्हा वापरण्याचा मोह कोणालाही झाला असता.

पटेलांनी गो. नी. दांडेकरांची कादंबरी निवडली. कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर, लिंगोबाचा डोंगर आणि त्यावरची मधमाश्यांची पोळी. भगताचा मुलगा नाग्या हा ढोल वाजवणारा. पुण्यवंताला राणीमाशी दिसते, या श्रद्धेने तो निष्ठेने जगतो; माश्या त्याचा एक डोळा घेतात. तेव्हा तो देवाच्या डोंगरावरच सूड उगवायला निघतो. नवऱ्याचे घर सोडून आलेली चिंधी त्याच्या पाठीशी उभी राहते. नाग्या जिंकतो, चिंधी प्राण गमावते. ‘जैत’ म्हणजे जय. तो किती महाग पडला, हे शेवटी कळते.

१९७७ च्या या चित्रपटाची निर्मिती उषा मंगेशकरांची, पटकथा सतीश आळेकरांची, नाग्या आणि चिंधी झाले मोहन आगाशे व स्मिता पाटील. ना. धों. महानोरांनी शब्द दिले, हृदयनाथ मंगेशकरांनी चाली. गाणी डझनाहून अधिक, पण त्यांतली बरीचशी नायक-नायिकेच्या ओठांवर नाहीतच. रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे हे ‘घाशीराम’च्या मुशीतून आलेले गायक, त्यांच्या आवाजात कथा पुढे सरकते, थबकते, पात्राच्या मनात शिरते. म्हणजे ‘घाशीराम’ची ती भिंत आता पडद्यामागे उभी राहिली. लता आणि आशा यांचे स्वर त्यात आहेत, तरीही ते सजावट वाटत नाहीत.

एक आक्षेप मात्र खरा आहे. महानोर अजिंठ्याच्या परिसरातले शेतकरी कवी. या गीतांतले रान, पाऊस, पिके त्यांच्या शिवारातली आहेत, आणि बोली ठाकरांची म्हणता येणार नाही. आदिवासी जीवनाचा दस्तऐवज म्हणून हा चित्रपट पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. काव्य म्हणून मात्र ही उसनवारी विलक्षण फळली.

सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार ‘जैत रे जैत’ला मिळाला. दोन वर्षांनी पटेल ‘सिंहासन’साठी मुंबईच्या राजकारणाकडे वळले. संगीतकार पुन्हा हृदयनाथच. गाणी मात्र मोजकी.